दोन स्वयंपाकघरांमधली मांडणी

शिंत्रे मास्तरांनी कपाटाच्या पाठीवर बोटाच्या पेरानं तीनदा ठोकलं, कान लावला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"पोकळ वाजतंय."

"कपाट आहे मास्तर," मी म्हटलं. "पोकळच वाजणार. भरीव वाजलं तर डबे कुठं ठेवायचे?"

त्यांना ते पटलं, पण पटलेलं दाखवायची त्यांना सवय नव्हती. छत्तीस वर्षं हेडमास्तर होते.

"मधली फळी किती जाड?"

"पाऊण इंच. अस्सल सागवान."

"पलीकडचं बोलणं इकडं ऐकू येता कामा नये."

"येणार नाही. हाक मारून बघा की."

हे मी बोलायला नको होतं. भिंतीपलीकडं त्यांचा सख्खा धाकटा भाऊ राहणार होता आणि त्याला त्यांनी चार महिन्यांत हाक मारली नव्हती. मास्तरांनी घसा खाकरला, खिशातली वही काढली आणि तिच्यात 'कपाट : काम समाधानकारक' असं लिहिलं. त्यांच्यामागं त्यांची बायको, मोठ्या काकू, एकच पातेलं पाऊण तास पुसत होत्या. आणि माझा अंगठा, घामानं भिजलेला, पळ्या अडकवायच्या खुंट्यांपैकी चौथ्या खुंटीखाली टेकू दिल्यासारखा होता. मास्तरांनी सहज म्हणून तेवढी एक खुंटी खाली ओढली असती, तर ते अख्ख्या कपाटासकट धाकट्या भावाच्या स्वयंपाकघरात गेले असते.

गडहिंग्लजमधली ही गोष्ट. तीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. आमचे अण्णा, केरबा मिस्त्री, पंचक्रोशीत चौकटी-दारांसाठी नावाजलेले. त्या वर्षी एक ओंडका उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली आणि ते कारखान्याच्या दारात बाज टाकून आडवे झाले. हात थांबले, तोंड सुरू राहिलं. रंधा मी लहानपणापासून मारत होते, पण माझ्या एकटीच्या नावावर आलेलं पहिलं मोठं काम म्हणजे शिंत्र्यांची दोन घरं.

शिंत्रे बंधूंनी नोकरीतून मोकळं झाल्यावर एकाच प्लॉटवर, एक भिंत सामाईक ठेवून दोन घरं बांधायला घेतली होती. थोरले भालचंद्र मास्तर, धाकटे जनार्दन, म्हणजे जनूकाका, एसटीच्या डेपोत कंट्रोलर होते. दोघांच्या स्वयंपाकघरांमध्ये येण्याजाण्यासाठी भिंतीत दाराएवढी जागा सोडलेली. जावांना एकमेकींशिवाय करमत नसे, म्हणून ती खास त्यांच्यासाठी.

भिंती छतापर्यंत आल्या आणि त्यांच्या बहिणीच्या मुलाचं लग्न निघालं. पत्रिका छापायला जनूकाकांनी नेली. छापून आली ती 'जनार्दन' वर आणि 'भालचंद्र' खाली. मास्तरांनी आयुष्यभर हजेरीपटाचा क्रम सांभाळलेला. ते म्हणाले, हे मुद्दाम. काका म्हणाले, छापखान्याची चूक. शब्दानं शब्द वाढला आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "नाव वर गेलं म्हणून काय माणूस वर जातो होय?" मास्तरांना आधीच साखरेचा आजार. 'वर जाणं' त्यांनी भलत्याच अर्थानं घेतलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. दोघांनीही गवंड्याला वेगवेगळं गाठून एकच सांगितलं : स्वयंपाकघरातली ती जागा विटांनी बुजवून टाक.

दुसऱ्याच दिवशी दोघी जावा पोळपाट घ्यायचं निमित्त करून आमच्या कारखान्यात आल्या.

"रत्नमाला," मोठ्या काकू म्हणाल्या, "आम्हाला कपाट पाहिजे. भिंतीतलं. दोन्हीकडनं दारं असलेलं."

"करू की."

"आणि त्यातनं जाता आलं पाहिजे," धाकट्या काकू म्हणाल्या.

मी हातातला पोळपाट खाली ठेवला.

"पुरुषाला सांगितलं तर तो चार जणांत बोलेल," मोठ्या काकू म्हणाल्या. "आणि तू स्वयंपाकघरात दिवसभर बसलीस तरी आमच्याकडचे हूं का चूं करायचे नाहीत. वीट घातली तर नऊ इंच भिंत वाया जाते, त्यापेक्षा कपाट होईल, असं मी ह्यांना सांगितलंय. फुकट जाण्याचं नाव काढलं की हे कशालाही तयार."

"मीसुद्धा आमच्याकडं हेच वाक्य टाकलं," धाकट्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी बाजेकडं बघितलं. अण्णा डोळे मिटून पडले होते, पण पायाचा अंगठा हलत होता.

"भावाभावांच्या भांडणात शिरू नगंस," ते म्हणाले. "चौकटीत बोट सापडतं ते सुताराचंच. उद्या मास्तराला कळलं तर तुला कुणी घरात माप घ्यायलाबी उभं करायचं न्हाई."

"मग नको म्हणून सांगू?"

अण्णांच्या पायाचा अंगठा हलायचा थांबला. ते म्हणाले, "फिरायची खालची खुंटी बाभळीची घे. सागवान झिजंल."

काम असं होतं. भिंतीत सागवानी चौकट. तिच्यात दोन्ही अंगांना फळ्या असलेली एकच मांडणी. बघणाऱ्याला वाटावं, पाठीला पाठ लावून दोन उथळ कपाटं आहेत. दोन्हीकडं बाहेरून कपाटाची दारं. डब्यांचं वजन बिजागऱ्यांना पेललं नसतं, म्हणून पूर्वीच्या मोठ्या दरवाजांना असायची तशी मांडणीला वर-खाली फिरायची खुंटी ठेवली आणि ती पितळी वाटीत बसवली. मोकळी कड तासून तिरकी केली, नाहीतर फिरताना ती चौकटीला अडली असती. पळ्यांची चौथी खुंटी ओढली की आतली खिट्टी सुटायची आणि करंगळीनं ढकललं तरी मांडणी धाकट्या काकूंच्या बाजूला फिरायची. धाकट्या काकूंच्या अंगालाही तशीच खुंटी. मी तीन वेळा जोडून तीन वेळा उकलली. चौथ्यांदा ती फिरली, आणि फळीवर भरून ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हललं नाही. अण्णांनी बाजेवरून मान वर करून बघितलं. "बरं हाय," म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी माझ्या जन्माचंही केलं नसेल.

वास्तुशांत दोन्ही घरांत एकाच मुहूर्तावर झाली, कारण गुरुजींनी काढलेला दुसरा मुहूर्त घ्यायला दोघांपैकी कुणी तयार नव्हतं. पाहुणे तेच. त्यांनी एकदा इकडं जेवायचं आणि एकदा तिकडं. स्वयंपाक मात्र एकाच चुलीवर झाला आणि मांडणीतून निम्मा पलीकडं गेला. मास्तरांच्या आत्याबाई दुसऱ्या पंगतीत म्हणाल्या, "नवल आहे गं, दोन्हीकडच्या कटाच्या आमटीत मीठ सारखंच कमी."

"दोघींनी एकाच पुस्तकात बघून केलीय," मोठ्या काकूंनी सांगितलं. त्यांच्या घरात पंचांगाखेरीज पुस्तक होतं ते व्याकरणाचं.

पुढं पाच महिने कुणाची काही तक्रार आली नाही. चैत्रात एके दिवशी मास्तर छत्री घेऊन कारखान्यात आले. उन्हाची, पण मिटलेली. येऊन ओंडक्यावर बसले. सागवानाच्या जाती विचारल्या, अण्णांची कंबर विचारली, पावसाचा अंदाज विचारला. मग खाली बघत म्हणाले,

"रत्नमाला, समज, एखादी मांडणी आहे. आणि समज, ती फिरते."

माझ्या हातातला रंधा जागच्या जागी थांबला.

"समज म्हटलं मी. गणितात म्हणतो तसं. समजा, क्ष."

"समजलं," मी म्हटलं. "काय झालंय क्षला?"

"करकरतो."

बाजेवर अण्णांनी कूस बदलली. मी मास्तरांच्या समोर खाली भुशातच बसले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या आठवड्यात. ही म्हणाली, पळी घेते, आणि कपाटात गेली ती आलीच नाही. अगं, छत्तीस वर्षं शाळा चालवली मी. मुलं कुठल्या फटीतून पळतात ते मला कळतं. आणि इथं तर अख्खी बायको गेली."

"मग रागावला नाहीत?"

"रागावलो असतो तर ते दार बंद करावं लागलं असतं." मास्तरांनी छत्रीचं टोक भुशात फिरवलं. "माझी साखर बंद आहे. आमच्या घरात गोडाचा कणही ठेवत नाहीत. जन्याकडं मात्र खालच्या फळीवर लाडवांचा डबा असतो. दुपारी दोनला बायका माझ्या घरात पुढच्या खोलीत झोपतात, हा त्याच्या मधल्या खोलीत. मी जातो, एक खातो, येतो. पण हल्ली ती खुंटी करकरते. त्याची झोप कावळ्याची. उठला तर काय अब्रू राहील माझी? तेवढं तेल घाल. आणि हे कुणाला..."

"नाही सांगत."

ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "करकर? माझ्या दुकानातनं आजवर करकरणारं काम गेलं न्हाई."

"घालते की तेल. उन्हानं लाकूड सुकलं असेल."

दुसऱ्या दिवशी, मास्तर वाचनालयात जातात ती वेळ साधून मी धाकट्या घरी गेले. दोघी काकू पापड लाटायला पलीकडं होत्या. जनूकाका आरामखुर्चीत बसले होते.

"काय आणलंस?"

"तेल. कपाटाच्या बिजागरीला घालायला."

"बिजागरीला, का मांडणीच्या खुंटीला?"

मी तेलाची बुधली पदराखाली घेतली, जणू तीच काय ती लपवायची उरली होती.

"बस," काका म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं डेपोत काढली मी. गाडी दिसायच्या आधी आवाजावरनं सांगायचो, गारगोटी का आजरा. दुपारी दोनला ती मांडणी करकरते. बाईमाणूस असं पाऊल टाकत नाही. दादा येतो."

"तुम्हाला चालतं?"

"त्याला चालतं, मग मला का नाही चालणार?" ते हसले. मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "हे बघ. पहिली करकर म्हणजे आला. दुसरी म्हणजे गेला. मधे डब्याचं झाकण एकदा वाजलं तर ठीक. दुसऱ्यांदा वाजलं की मी खोकतो. मग तो लाडू ठेवून पळतो. गेल्या वर्षी त्याची साखर अडीचशेवर गेली होती, पाय सुजले होते. मी हिला खजूर-शेंगदाण्याचे करायला लावलेत, साखर अजिबात नाही. त्याला कळत नाही, लहानपणापासून हावरा आहे. पण म्हणून दोन? तू तेल घातलंस तर मला कळणार कसं? डोळा लागायचा माझा, आणि तो डबा संपवायचा."

"पण काका, करकरणारं काम..."

"तेल घालू नकोस. आणि हे दादाला..."

"नाही सांगत," मी म्हटलं. दोन दिवसांत दुसऱ्यांदा.

घरी आले ती थेट बाजेशी जाऊन बसले. दोघांनाही वचन दिलं होतं. पण अण्णांना सांगणं म्हणजे लाकडाला सांगणं. सगळं ऐकून घेतल्यावर ते वरच्या कौलांकडं बघत राहिले.

"म्हंजे ती खुंटी करकरती म्हणून त्या मास्तराचे पाय शाबूत हायेत."

"तसंच म्हणायचं."

"मग आजपासनं आपल्या दुकानातनं करकरणारं काम जाऊ दे," अण्णा म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

मास्तरांना मी सांगितलं, तेल घातलंय, पण नवं लाकूड आहे, पाऊस पडेपर्यंत जरा बोलेल. त्यांना खोटं ओळखता येत असे. पण त्या दिवशी त्यांच्या मनात वेगळंच काहीतरी होतं. गेले, आणि आठ दिवसांनी परत आले. ह्या वेळी बसलेसुद्धा नाहीत.

"रत्नमाला, जन्या खोकतो."

मी त्यांच्या हातातली छत्री घेऊन भिंतीला लावली.

"आधी आठवड्यातून एखाद्या वेळी. आता रोज. दुपारचा. कोरडा." चष्मा काढून ते सदऱ्यानं पुसत राहिले. "आमचे वडील छातीनं गेले. असाच खोकला. मी अकरावीत होतो, हा सहावीत. तेव्हाही सगळे म्हणत होते, काही नाही, हवा बदलली म्हणून. तू त्याच्या बायकोला सांग, डॉक्टरला दाखवा म्हणावं. माझं नाव घेऊ नकोस."

मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. मास्तर रोज दुसरा लाडू उचलायला लागले होते, म्हणून काका रोज खोकत होते. एका वाक्यात सगळं सांगून टाकता आलं असतं. पण ते वाक्य दोन वचनांच्या पलीकडं होतं. सांगितलं असतं तर मास्तर पुन्हा त्या मांडणीतून गेले नसते, हेही मला दिसत होतं.

"तुम्हीच विचारा की त्यांना."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"मग समजा, क्षनं विचारलं."

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. मग निघून गेले, छत्री विसरून.

दुसऱ्या दिवशी छत्री द्यायला म्हणून, आणि धाकट्या काकूंना माळ्याला दारं करायची होती त्याचं माप घ्यायला म्हणून, मी शिंत्र्यांकडं गेले. छत्री मोठ्या काकूंकडं दिली आणि धाकट्या घरी शिरले. माप घेता घेता दोन कधी वाजले ते कळलं नाही. काकू पलीकडं गेल्या होत्या. मी मधल्या खोलीत माळ्याखाली स्टुलावर उभी होते. काका पलंगावर पडलेले. अचानक त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

कर्रर्र.

आम्ही दोघांनी श्वास रोखला. डब्याचं झाकण वाजलं. थोडा वेळ शांत. पुन्हा झाकण वाजलं. काकांनी माझ्याकडं बघून डोळा मिचकावला आणि खोकले. कोरडा, बेताचा, चांगला सरावलेला खोकला.

आता दुसरी करकर व्हायची. झाली नाही. त्याऐवजी पावलं वाजली, इकडच्याच दिशेला. काका अर्धवट उठून बसले. मी स्टुलावरच थिजले.

दारात मास्तर उभे होते. बनियनवर लाडवाचा चुरा, हातात अर्धा लाडू. तो लपवायचंही त्यांना सुचलं नव्हतं. मला त्यांनी बघितलंच नाही.

"जन्या," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. "किती दिवस खोकतोयस तू?"

दहा महिने होत आले होते बोलणं बंद होऊन.

"एक्स-रे काढलास का?"

"दादा, अरे, मला काही..."

"बोलू नकोस, ढास लागेल. तुझं हे नेहमीचं. पडलास तरी लागलं म्हणून सांगायचा नाहीस. विहिरीच्या कठड्यावरनं पडलास तेव्हा तीन दिवस हात मोडलेला घेऊन हिंडलास. ऊठ. सदरा घाल. रिक्षा बोलावतो."

आवाजानं दोघी काकू मांडणीतून धावत आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं ती मांडणी सताड उघडी, डबे घेऊन तिरकी उभी होती, आणि ते लपवायचं कुणाच्याही मनात आलं नाही.

जनूकाकांनी माझ्याकडं बघितलं. मग त्या अर्ध्या लाडवाकडं. मग भावाच्या चेहऱ्याकडं. मला वाटलं, आता सांगणार. एक वाक्य होतं. सगळे हसले असते, मास्तर ओशाळले असते, आणि ओशाळलेले मास्तर काय करतात ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

काकांनी हात छातीवर ठेवला. आणि खोकले. जोरात. दोनदा.

"बघ," मास्तर म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो!" आणि हातातला लाडू माझ्या हातात कोंबून ते भावाला सदरा शोधायला गेले.

एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, छाती विशीतल्या पोरासारखी आहे. पण मास्तरांचा तसल्या निकालांवर विश्वास नव्हता; पेपर पुन्हा तपासायची त्यांना जुनी सवय. त्यांनी परसात अडुळसा लावला, आणि महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ काढा उकळून स्वतः भावाकडं नेला.

माळ्याची दारं बसवायला गेले तेव्हा काका व्हरांड्यात भांडं हातात धरून बसले होते. मास्तर आत धाकट्या काकूंना पुढच्या वेळेचं प्रमाण समजावून सांगत होते.

"फार कडू आहे का?" मी हळूच विचारलं.

"विष आहे गं नुसतं."

"मग सांगून टाका की खरं."

काकांनी आत एकदा बघितलं, भांडं तोंडाला लावलं, डोळे गच्च मिटले आणि तळापर्यंत प्यायले. मग तोंड पुसत म्हणाले,

"अजून आठ दिवस राहिलेत. मी म्हणतोय, खोकला थोडा लांबवावा."